वच्छलाबाई आणि कोळशाचं तेल

नवरा एस.टी.त कंडक्टर असला की बायको एकतर घरकोंबडी होते, नाहीतर वच्छलाबाई होते. धुळे आगारातले पुनाभाऊ दिवसभर तिकिटं फाडून घरी आले की त्यांना गाडीचं नावही नको असायचं. त्यांच्या वाट्याचा फुकट प्रवास मग वच्छलाबाई करायच्या. बालवाडीची पोरं घरोघर पोचवली की पिशवीत भाकरी, चटणी आणि कुणाच्या तरी मुलीचा फोटो टाकून त्या स्टँडवर हजर. आज साक्री, उद्या एरंडोल, परवा नशिराबाद. गाडीत जागा नसली तर ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या पेटीवर बसायच्या, आणि उतरेपर्यंत ड्रायव्हरच्या पुतण्याचं वय, शिक्षण आणि उंची त्यांच्या पदरात पडलेली असायची.

लग्नं जमवणं हा काही त्यांचा धंदा नव्हता. ते खूळ होतं. मोबदला म्हणून त्यांना एकच गोष्ट लागे, लग्नाच्या फोटोत नवरीच्या शेजारची जागा. धुळ्यातल्या बौद्ध घरांतले त्या काळचे अल्बम काढून बघा. पांढऱ्या साडीतली नवरी, घामाघूम नवरा, आणि पदर दोन्ही खांद्यांवर ओढून, आपल्यालाच पदवी मिळाल्यासारख्या उभ्या असलेल्या वच्छलाबाई.

खोटं त्या बोलत नसत. खऱ्याला जरा इस्त्री करत, इतकंच. मुलगा अबोल असला तर 'शांत आहे', बडबड्या असला तर 'घर भरल्यासारखं वाटतं'. सासू खाष्ट असली तर 'घराला शिस्त आहे'. या इस्त्रीवर त्यांची सगळी लग्नं टिकली होती. आणि याच इस्त्रीने शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात त्यांना चांगलाच चटका दिला.

झालं असं, की नशिराबादच्या लिलाबाईंचा मुलगा पंडित सुट्टीवर आला होता. लिलाबाईंनी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून त्याला शिकवलं. तो रसायनशास्त्रात पहिला आला आणि पार धनबादकडे सरकारी प्रयोगशाळेत लागला. अंगाने शिडशिडीत, चष्मा जाड, आणि स्वभाव असा की पाणी मागितलं तरी 'थंड की साधं' असं विचारून, विचार करून आणायचा. त्याला पाहताक्षणी वच्छलाबाईंच्या डोक्यात संघमित्रा आली.

संघमित्रा, घरात मित्रा, ही वच्छलाबाईंच्या बालवाडीतली पहिल्या वर्षाची पोर. आता नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. उंच, हसरी, फटकळ. तिचे वडील सुरतेला गिरणीत होते, त्यामुळे घराच्या सगळ्या निर्णयांची दोरी आजोबांच्या, झिपरू आबांच्या हातात. आबांनी साक्रीकडचा एक तलाठी जवळपास ठरवलाच होता. तलाठ्याकडे फटफटी होती, आवाज होता, आणि मित्राला पाहायला आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला होता, "लग्नानंतर शाळा सोडणार ना?" तेव्हापासून मित्रा घरात भांडी जरा जोरात आपटायची. पुढच्या सोमवारी साक्रीची माणसं होकार न्यायला येणार होती.

वच्छलाबाईंनी पंडितला आणि मित्राला एकदा आपल्या घरी चहाला बोलावलं. म्हणजे दोघांनाही वेगवेगळ्या कामाला बोलावलं आणि स्वतः दळण आणायला गेल्या. परतल्या तेव्हा चहा थंड झाला होता आणि दोघं जर्मनीबद्दल बोलत होती. जाताना मित्रा दारातून सहज विचारल्यासारखी म्हणाली, "मावशी, धनबादला मराठी शाळा असेल का हो?"

वच्छलाबाईंना एवढं पुरेसं होतं. त्यांनी पंडितला समोर बसवलं.

"आता सांग, तू नेमकं काय करतोस? मला आबांना सांगायचंय."

"कोळशापासून तेल बनवायच्या संशोधनात आहे, मावशी. जर्मनीत लढाईच्या काळात बनवायचे तसं. पेट्रोल, डिझेल."

"कोळसा पिळून?"

पंडित हसला नाही. नीट सांगायला बसला. कोळसा खूप तापवून त्यावर वाफ सोडायची. त्याचा वायू होतो. तो वायू लोखंडाच्या भुकटीवरून न्यायचा. त्या भुकटीच्या संगतीत वायूचे कण एकमेकांचे हात धरतात, साखळी होते. साखळी बेताची झाली की पेट्रोल, लांबली की डिझेल, फारच लांबली की मेण.

"आणि लोखंडाचं काय होतं?"

"काही नाही. ते तसंच राहतं. त्याला उत्प्रेरक म्हणतात. दोघांना जवळ आणायचं, जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं."

"अगं बाई!" वच्छलाबाईंनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे मीच की! पण तसंच राहतं म्हणजे? झिजत नाही? माझ्या तर चपला बघ."

"झिजतं ना. कोळशात गंधक असतं, ते त्याला विषासारखं बाधतं. मग त्याचं काम बंद पडतं."

"असतं बाबा असतं, प्रत्येक सोयरिकीत एखादं गंधक असतं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि चपला घालून आबांकडे निघाल्या.

आता झिपरू आबा म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. चाळीसगाव-धुळे गाडीवर उभी हयात त्यांनी फायरमन म्हणून काढली होती. इंजिनाच्या पोटात फावड्याने कोळसा टाकून टाकून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर राहिला होता. रिटायर झाल्यावर ते विहारात रविवारची वंदना घ्यायचे आणि कुणी काही सांगितलं की बोट वर करायचे, "एहिपस्सिको! भगवंतनी काय सांगं? ये नि दख. डोयानी दखानं, मंग मानानं." या एका शब्दावर त्यांनी गल्लीतला एक भगत, एक ज्योतिषी आणि केस वाढवायचं तेल विकणारा एक माणूस पळवून लावला होता.

"कोयसामाईन तेल?" आबा म्हणाले. "वच्छला, तू माले कोयसा शिकाडस का? कोयसामाईन धूर निंघस, राख निंघस. तेल निंघतं तर आम्ही इंजिननी चाकेसले घासलेट का लावतूत?"

"आबा, मोठी प्रयोगशाळा आहे. सरकारी."

"भेसळवाला शे तो. पंपवर ऱ्हाई."

"नाही हो आबा!"

"मंग दखाडी दे म्हना. मना परसदारमा. मना डोयासमोर. तेल निंघनं तर पोर तेनी. नही निंघनं तर साक्री."

आतल्या खोलीत एक पातेलं दाणकन आपटलं. मित्रा ऐकत होती.

पंडितने हे ऐकलं आणि चष्मा काढून पुसला. "मावशी, ते परसात होत नाही. तोफेच्या नळीसारखी जाड भांडी लागतात, मोठा दाब लागतो. मी फार तर पहिली पायरी दाखवीन. बंद डब्यात कोळसा तापवायचा. त्यातून वाटीभर काळं पाणी येईल, वर थोडं डांबर तरंगेल. ते तेल नव्हे. तसं आबांना स्पष्ट सांगा."

वच्छलाबाईंनी आबांना सांगितलं. फक्त रस्त्यात, सवयीने, इस्त्री केली. "दाखवतो म्हणाला, आबा. वाटीभर निघेल."

"तेल?"

"तेच ते," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि घाईघाईने चपला घालून निघाल्या.

रविवारी सकाळी आबांच्या परसात यज्ञ असावा तशी मांडामांड होती. आबांनी स्वतः वखारीत जाऊन दगडी कोळसा निवडून आणला होता. ढेकूळ हातात घेऊन, ठोकून, आवाज ऐकून. पंडितने डालड्याच्या मोठ्या डब्यात तो भरला, झाकण ओल्या मातीने लिंपलं, डब्याला लोखंडी नळी जोडली. नळीचं दुसरं टोक भिंतीपलीकडे, न्हाणीजवळ, थंड पाण्याच्या बादलीत ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीत सोडलं. बरणीच्या तोंडावर ओलं फडकं. डब्याखाली शेगडी पेटली.

"वेळ लागेल," पंडित म्हणाला.

"लागू दे. तोवर पोरले दखी ल्या," आबा म्हणाले. "चाला, पोहा आना."

तर बाहेरच्या खोलीत पंडितबरोबर आलेल्या लिलाबाईंपुढे मुलगी पाहायचा कार्यक्रम आणि मागे कोळसा पाहायचा. आबांना दोन्हीकडे लक्ष ठेवायचं होतं, पण पाहुण्यांसमोरून उठणं बरं दिसेना. पंडितला उठू द्यायचं नाही, कारण तो काही हातचलाखी करील. म्हणून पोहे पुढे आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला, "वच्छला, जा, दखी ये."

वच्छलाबाई गेल्या. फडकं उचलून पाहिलं. बरणीच्या तळाशी चहा सांडल्यासारखं काहीतरी काळपट. त्यांना मित्राचं आपटलेलं पातेलं आठवलं, तलाठ्याची फटफटी आठवली, आणि स्वतःचं 'तेच ते' आठवलं. शेजारीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात रॉकेलचा डबा. वच्छलाबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मापट्याने थोडंसं रॉकेल घेतलं आणि बरणीत ओतलं. पदराला हात पुसला. वाटीभर म्हटलं होतं, वाटीभर केलं.

"येतंय, आबा," त्या येऊन म्हणाल्या. "थोडं थोडं."

पंडितने भुवया वर केल्या. आबा हुं म्हणाले. मग लिलाबाईंशी कापसाच्या भावाबद्दल बोलले, मग पुन्हा अस्वस्थ झाले. "मंजुळा, तू जा."

मित्राची आई मंजुळाबाई गेली आणि जरा वेळाने आली. तिचे कान लाल झाले होते. "बरंच आलंय, आबा."

वच्छलाबाई चमकल्या. बरंच? आपण तर वाटीभरच... म्हणजे खरंच निघतंय की काय? त्यांनी पंडितकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याने पोह्याची बशी खाली ठेवली. हा पोरगा म्हणतो होत नाही, आणि होतंय! स्वतःच्या हातच्या गुणाची यालाच खबर नाही. उगाच आपण पाप केलं. वच्छलाबाईंना गहिवरून आलं. विज्ञानाबद्दल त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच एवढं प्रेम वाटलं.

"मित्रा," आबा म्हणाले, "तू शिकेल-सवरेल शे. तू दखी ये."

मित्रा गेली. मागून काहीतरी खडखडलं. आली तेव्हा चेहरा अगदी वर्गात हजेरी घेतानाचा. "बरणी अर्धी भरली, आबा."

"अर्धी?" पंडित आणि आबा एकदमच म्हणाले.

"त्यात आश्चर्य काय?" मित्रा म्हणाली. "संशोधन आहे."

आता पंडितला राहवेना. तो उठायला लागला तर आबांनी गुडघ्यावर हात ठेवून बसवला. लिलाबाई, ज्या इतका वेळ नव्या लुगड्यात आखडून बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "मी पाहून येऊ का, आबा? माह्या पोराचं काम मी कधी पाह्यलंच नाही."

त्या गेल्या आणि लगेच परतल्या. काहीच बोलल्या नाहीत. तोंडाला पदर लावून बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. वच्छलाबाईंना वाटलं, आईच ती, मुलाचं यश पाहून रडतेय. त्यांनी मायेने पाठीवर हात फिरवला, तर खांदे आणखीच हलायला लागले.

"चला!" आबा उठले. "आते मीच दखस."

सगळी वरात परसात. पुढे आबा, मागे पंडित, मागे बायका. डबा शेगडीवर धुमसत होता. भिंतीपलीकडे बरणी. आबांनी फडकं उचललं आणि तसेच उभे राहिले. तळाशी काळं, आणि त्यावर स्वच्छ, लखलखीत तेल, अर्ध्या बरणीच्या वर. सकाळी घातलेला कोळसाच मुळी केवढा!

"बापरे," आबा पुटपुटले. इतकी वर्षं इंजिनाच्या पोटात त्यांनी जे जे टाकलं ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं, कारण त्यांचा वर राहिलेला खांदा हळूहळू खाली आला. "इतलं तेल व्हतं त्याम्हा? आनि आम्ही जाळी टाकं?"

हादरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. खिशातून विडी काढली, ओठात धरली आणि काडेपेटी उघडली.

"आबा!"

पंडितने झडप घातली. एका हाताने काडेपेटी उडवली, दुसऱ्या हाताने आबांच्या ओठातली विडी ओढून न्हाणीत फेकली. झिपरू आबांच्या तोंडातली विडी! ज्यांच्यापुढे खुद्द ड्रायव्हरही विचारून विडी ओढायचे! मंजुळाबाईच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. वच्छलाबाईंनी डोळे मिटले. गेली सोयरीक. साक्री.

"माफ करा, आबा," पंडित म्हणाला. "पण हे रॉकेल आहे."

"कोयसानं?"

"कोळशाचं नाही. रेशनचं." त्याने चष्मा सावरला. "एवढ्या कोळशातून माझी जास्तीत जास्त वाटीभर काळी घाण निघते. तळाशी आहे ती माझी. वरचं तेल माझं नाही. आमची अख्खी प्रयोगशाळा महिनाभर राबली तरी एवढं काढत नाही."

आबांनी एकेकीकडे पाहिलं. "कोनी टाकं?"

वच्छलाबाई पुढे झाल्या. आता इस्त्रीला जागा नव्हती. "मी, आबा. पण वाटीभर. देवाशप्पथ... म्हणजे, खरंच वाटीभर. एवढं कुठून आलं ते मला नाही माहीत."

मंजुळाबाईने मान खाली घातली. "तांब्याभर माझं. त्या तलाठ्याची आई मला पहिल्याच भेटीत 'तुमच्याकडे शिकवण नाही का' म्हणाली होती."

"तू बी?" आबांचा आवाज चिरकला. "आनि उरेल कोनं?"

मित्रा पुढे आली. कुणी तिला तोपर्यंत काही विचारलंच नव्हतं. ना साक्रीच्या वेळी, ना आज. ती हात बांधून उभी राहिली, पण आवाज ठाम होता. "माझं. डब्यात होतं तेवढं सगळं ओतलं मी, आबा. मला हा मुलगा हवाय. तेल निघो न निघो."

पंडितच्या हातातून फडकं पडलं. त्याचे कान, मान, चष्म्यामागचे डोळे, सगळं एकदम लाल झालं. कोळशाचं जे काही तो आजवर करू शकला नव्हता ते त्या क्षणी त्याचं स्वतःचंच झालं असावं. तो जागच्या जागी वितळला.

आबांनी लिलाबाईंकडे मोर्चा वळवला. "आनि तुमी, इहीनबाई? तुमी काय करं?"

'इहीनबाई', म्हणजे विहीणबाई, हा शब्द वच्छलाबाईंनी बरोबर टिपला. पण लिलाबाईंना इतका वेळ कोंडून ठेवलेलं हसू आता आवरेना. "मीबी टाकनार व्हते आबा," त्या पदरातून कशाबशा म्हणाल्या, "पन मी गेले तवा डबा रिकामा व्हता!"

आधी मंजुळाबाई फुटली. मग मित्रा. मग वच्छलाबाई अशा हसल्या की न्हाणीच्या दगडावर मटकन बसल्या. शेजारची माणसं भिंतीवरून डोकावायला लागली. आबा मात्र ओठ घट्ट मिटून पंडितकडे बघत होते.

"तू गप ऱ्हायता तर?" त्यांनी विचारलं. "तेल तर निंघेलच व्हतं. पोर तुले भेटती."

"गप राहिलो असतो तर तुम्ही काडी लावली असती, आबा."

"मंग काय व्हतं?"

"तुम्ही गेला असता."

"हां," आबा म्हणाले. "म्हंजे पोरना करता म्हतारा जाळना नही." आणि मग त्यांच्या पोटातून, त्या जुन्या इंजिनासारखं, आधी एक धक्का, मग दुसरा, मग धडधडत हसू सुटलं ते थांबेचना. "बठ्ठा घरले लगीननी घाई व्हयेल शे! आख्खा घरले! येक मीच कोरडा! वच्छला, साक्रीले आजच निरोप धाड. सांग, पोरना हात पिवळा करानं ठरी गयं."

होकार झाला म्हणजे पाहुण्यांना जेवायला घालायलाच हवं. आणि तेव्हा मंजुळाबाईच्या लक्षात आलं की घरात स्टोव्हला थेंबभर रॉकेल नाही. जे होतं ते सगळं बरणीत, डांबराशी सोयरीक करून बसलेलं. पंडितने ते वेगळं करून द्यायची तयारी दाखवली, तर मित्रा म्हणाली, "एक दिवस तरी प्रयोग बंद ठेवा."

मग डालड्याचा डबा बाजूला काढला आणि त्याच शेगडीवर शेवभाजीचं पातेलं चढलं. दगडी कोळशाची आच ती, तिला काय कळतंय रस्सा कशाला म्हणतात! भाजी खालून लागायला लागली. आबांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि फायरमनच्या जुन्या आवाजात जावयाला कामाला लावलं. "येकच जागे नको टाकू! पसारी दे, पसारी दे! मधमा खड्डा पडना की इंजिन बसनं समज!"

पंडित एकेक ढेकूळ निरखून, विचार करून ठेवत होता. मित्रा त्याच्या शेजारी पंखा घालत होती आणि मुद्दाम धूर त्याच्याकडे ढकलत होती. तो खोकत होता आणि तरीही हलत नव्हता.

वच्छलाबाई भाकरी थापता थापता ते पाहत होत्या. एरवी होकार झाला की त्या तिथल्या तिथे तारीख, हॉल आणि आचारी काढायच्या. आज त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं. लिलाबाई दुरडी घेऊन जवळ आल्या.

"काय अक्का, गप का?"

"काही नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "इथे आता माझं काहीच काम नाही बाई. जोडून दिलं की आपण बाजूला व्हायचं, तुमचा पंडितच म्हणाला होता."

"मंग उठता का?"

"उठते कुठली! भाकरी कोण करणार?" आणि त्यांनी पुढचा उंडा परातीत आपटला.